पाच फोडी आणि एक क्वार्टरबॅक

अंड्याच्या फोडी पाचच झाल्या, आणि पाचही सारख्या झाल्या, याचं बर्नाडेटला वाईट वाटलं. वाईट वाटल्याची लगेच लाजही वाटली. पण एखादी फोड जाड, एखादी पातळ झाली असती, सुरी जरा थरथरली असती, तर आज दुपारचं काम सोपं झालं असतं.

तिच्या वडिलांचा हात अजिबात थरथरला नाही. चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेल्या टोपलीतलं पहिलं अंडं अँड्र्यू माटुशेकनी सोललं, कापलं, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि घरातला सगळ्यात मोठा माणूस म्हणून प्रत्येकाच्या तळहातावर एकेक फोड ठेवली. मुलगी बर्नाडेट, जावई डेल, मुलगा रे, रेची मुलगी टेसा, आणि शेवटची स्वतःला.

"वर्षभरात कुणी वाट चुकलं, तर आठवावं, हे अंडं कुणाकुणाबरोबर खाल्लं," ते म्हणाले. "घर सापडतं."

हे वाक्य माटुशेकांकडे दर ईस्टरला म्हटलं जातं. स्लोव्हाकियातल्या खेड्यातून बोटीत बसलेल्या पणजोबांनी दुसरं फारसं काही आणलंच नव्हतं. बर्नाडेटची आई हेलन होती तोवर ती नवऱ्याबरोबर हे वाक्य पुटपुटायची. तिच्यामागचा हा दुसरा ईस्टर. 'वाट चुकलं' हे शब्द आले तेव्हा बर्नाडेटनं भावाकडे पाहिलं. रे मिठाची बाटली निरखत होता.

डिसेंबरपासून या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. स्टोकर्सचा, म्हणजे शहराच्या फुटबॉल संघाचा, घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना होता. पपांच्या शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे हेलनच्या खुर्चीवर, त्या दिवशी रे बसणार होता, पण तो राहतो त्या कोलंबसचा रस्ता बर्फानं बंद झाला आणि पपा एकटेच आत गेले. सामना संपला. स्टेडियमबाहेरच्या वाहनतळात डेल नेहमीसारखा व्हॅन आणि शेगडी घेऊन थांबला होता. पपा आलेच नाहीत. बर्नाडेट हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून तशीच धावत आली. दोन वाहनतळ ओलांडून, सामन्यासाठी तंबू ठोकून खाणंपिणं करणाऱ्या भलत्याच माणसांत, गुडघ्यांवर परकी शाल आणि हातात परक्या सूपचं भांडं घेऊन ते बसलेले सापडले. आणि आपल्या संघानं नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, कसा शोधावा हे त्या लोकांना समजावून सांगत होते. पँटला गुडघ्यावर चिखल होता. "वाट चुकली," एवढंच ते म्हणाले होते.

म्हणून आज ठरलं होतं. जेवता जेवता त्यांना सांगायचं की, या मोसमापासून स्टेडियम बंद. सामना घरी टीव्हीवर पाहा. रे फोनवर म्हणाला होता, "मी बोलतो. माझं ऐकतील."

हॅम वाढून झालं, बीट आणि मुळ्याची तिखट चटणी फिरली, पास्काचा गोडसर पाव तोडून झाला. बर्नाडेटनं टेबलाखालून रेच्या नडगीला बूट लावला.

रेनं घसा साफ केला. "पपा, मला एक बोलायचंय."

"बोल की," पपा म्हणाले. "पण आधी एक सांग. गुरुवारी आपण कुणाला उचलायचं?"

गुरुवारी ड्राफ्ट होता; देशभरच्या कॉलेजांतली पोरं सगळे संघ नंबरानं उचलणार होते. स्टोकर्सचा नंबर सातवा. आठ-नऊ वर्षं चेंडू फेकणारा त्यांचा माणूस खांदा निकामी होऊन निवृत्त झाला होता, आणि तेव्हापासून या शहरात दोन माणसं भेटली की नमस्काराआधी तोच विषय निघे.

रेनं कोलंबसहून दोन तास एक वाक्य तोंडात धरून आणलं होतं. ते त्यानं गिळलं.

"प्रिडीला," तो म्हणाला.

बर्नाडेटनं डोळे मिटले.

*

खरं तर रेला प्रिडीबद्दल एवढी खात्री नव्हती. पण एकदा नाव घेतल्यावर माघार कशी घ्यायची?

"प्रिडी?" डेलनं काटा खाली ठेवला. "तो टेक्सासचा पोरगा? त्यानं बर्फ पाहिलाय तो फक्त सरबतात. आपल्या सरोवरावरचा वारा डिसेंबरात कानशिलात बसला ना, की आईला फोन लावेल."

"तू तर पिट्सबर्गमध्ये, आपल्या कट्टर वैऱ्यांच्या गावात जन्मलास," रे म्हणाला. "तरी ठेवून घेतलंच ना आम्ही तुला?"

"घेतलं, पण दाराबाहेर!" म्हणून डेल स्वतःच हसला.

"सातव्या नंबरापर्यंत प्रिडी उरतच नाही," टेसा म्हणाली. ती विमा कंपनीत आकडेमोड करते आणि घरातही तीच करते. "त्याच्यासाठी वर सरकायला हवं. म्हणजे पुढच्या वर्षीचा आपला पहिल्या फेरीतला नंबर दुसऱ्या संघाला द्यायचा, त्याच्या पुढच्या वर्षीचाही."

"द्यायचा! पुढचं कुणी पाहिलंय?"

"हेच तू घर घेताना मॉमला म्हणाला होतास, डॅड."

पपा खदखदून हसले. रेही हसला, जरा उशिरानं. त्याचा घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली होती की आता तो ईस्टरच्या टेबलावरच्या लोणच्यासारखा सगळ्यांना हाताशी असे.

"माझं ऐका," डेल म्हणाला. "हॅलॉकला आणा. अदलाबदलीत स्वस्तात सुटेल. सदतीस वर्षांचा आहे, गुडघा गेलाय, पण डोकं शाबूत आहे. दोन वर्षं गाडा ओढेल, तोवर पोरगं शोधा सावकाश."

"म्हातारा आणायचा?" रे उसळला. "गुडघा गेलेला, दोन ठिकाणांहून काढून टाकलेला, दुसऱ्या धक्क्याला आडवा होणारा म्हातारा..."

तो थांबला. टेबलावर कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं.

"म्हातारा असला म्हणून काय झालं?" पपा शांतपणे पावाला लोणी लावत म्हणाले. "फेकता येतं ना?"

"फेकता येईल हो," बर्नाडेट म्हणाली. ती फुटबॉलबद्दल कधी बोलत नसे. "पण पडला म्हणजे?"

"उचलायला पाच जाडे असतात ना त्याच्या पुढे राखणीला. नाही तर ते कशाला ठेवलेत?"

बर्नाडेटनं पुन्हा बूट लावला. या वेळी रेनं नडगी काढून घेतली.

"तुम्ही सगळे चुकताय," टेसा म्हणाली. "काहीच करायचं नाही, हेच बरोबर आहे. राखीवातला ओबर्स्ट आहे ना, त्यालाच यंदा खेळवायचं. तेरा-चौदा सामने हरायचे. पुढच्या वर्षी पहिला नंबर आपला. तेव्हा हवा तो उचला."

पपांनी सुरी ताटात ठेवली. तिचा आवाज झाला.

"मुद्दाम हरायचं?"

"मुद्दाम नाही, डेडो," टेसा आजोबांना म्हणाली. "म्हणजे... जिंकायची फार धडपड करायची नाही."

"पोरी, या घरात आम्ही साठ वर्षं हरतोय. पण प्रामाणिकपणे हरतोय."

"बरोबर!" रे आणि डेल एकदम म्हणाले, आणि एका क्षणात तिघे पुरुष एका बाजूला, टेसा एकटी दुसऱ्या बाजूला झाली.

"मला एक कळत नाही," बर्नाडेट म्हणाली. "जो येतो तो कधी ना कधी जातोच. याला आणा, त्याला हाकला. मग एवढं डोकं कशाला पिकवायचं?"

तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती चर्चमध्ये थुंकली होती. टेसानंसुद्धा.

रेला बहिणीची कीव आली आणि रागही आला. राग यासाठी की ती बरोबर होती. ती नेहमीच बरोबर असते. तीन गल्ल्या पलीकडे राहते, पपांची औषधं भरते, त्यांचा फोन पहिला तिला येतो. आणि तो इथे वर्षातून चारदा येऊन हॅम खातो. पण लहानपणी स्टेडियमच्या जिन्यावरून गर्दीत उतरताना पपांची बोटं त्याच्या कोटाच्या कॉलरमध्ये घट्ट असत. त्या माणसाला 'तुम्ही आता येऊ नका' हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि डिसेंबरात रस्ता बंद होता हे खरं, पण त्यानं पोलिसांना फोन करून विचारलं नव्हतं. रेडिओवर ऐकलं आणि बरं वाटून सोफ्यावर आडवा झाला.

"पपा काय म्हणतात?" त्यानं विचारलं. बर्नाडेटनं त्याच्याकडे जळजळीत पाहिलं. ठरलेल्या बोलण्यापासून तो आता पार दूर गेला होता. "तुमचं मत तर सांगा."

"माझं मत राऊस," पपा म्हणाले.

"राऊस कोण?" टेसानं फोन हातात घेतला.

रे हसला. बिली राऊस स्टोकर्ससाठी चेंडू फेकत असे तेव्हा रे शाळेत होता. आता राऊसचं सरोवराच्या कडेला बोटींचं दुकान होतं आणि डोक्यावर एक केस नव्हता.

"बरं आहे, राऊस," रे म्हणाला. "का बरं?"

"आपल्याच सरोवराकाठच्या टोलेडोचा पोरगा आहे. वाऱ्यात वाढलाय. पंजा पाहिलास त्याचा? परात आहे नुसती. ओला चेंडूही सटकत नाही. पण आपल्या संघाच्या साहेबांची नजर लांब लांब जाते, दारातलं पोर दिसत नाही त्यांना. गुरुवारी सातव्या नंबरावर तो राहिला ना, तर डोळे मिटून घ्यावा."

इतकं नेमकं ते बोलत होते की, क्षणभर रेला वाटलं, खरंच की, राऊस आहेच. मग त्याच्या लक्षात आलं की पपा हसत नव्हते.

"डेडो, पण हा तर..." टेसा फोनवरून मान वर करून म्हणाली, आणि रेनं टेबलाखालून तिला बूट लावला. आता टेबलाखाली सगळेच सगळ्यांना बूट लावत होते.

*

बर्नाडेटनं नॅपकिनची घडी घातली.

"पपा, या वर्षापासून तुम्ही स्टेडियमला जायचं नाही."

तिला हे असं म्हणायचं नव्हतं. आडून, प्रेमानं, हवापाण्यापासून सुरुवात करून म्हणायचं होतं. पण रे पळाला होता आणि राऊस कुठून तरी टेबलावर येऊन बसला होता.

"कोण म्हणतं?" पपांनी विचारलं.

"आम्ही सगळे."

"सगळे?"

फोडी वाटल्या होत्या त्याच क्रमानं त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

"म्हणजे, तसं अगदी बंदच असं नाही..." रे म्हणाला.

"मला कुणी विचारलंच नव्हतं," टेसा म्हणाली.

डेल ह्रुदका कापत होता. अंड्या-दुधाचा तो पिवळा गोळा कुणी मागितला नव्हता, तरी तो त्याच्या चकत्यांवर चकत्या करत सुटला होता.

आपण एकट्या पडलो हे बर्नाडेटला कळलं. "डिसेंबरात तुम्ही हरवलात, पपा. अंधार पडला होता. तुम्ही पडलात. गुडघ्याला चिखल होता."

"हरवलो नव्हतो."

"तुम्हीच म्हणालात, वाट चुकली!"

"म्हणालो."

"मग?"

"झेंडा नव्हता," पपा म्हणाले.

त्या वाहनतळात हजारो गाड्या उभ्या असतात. आपली माणसं सापडावीत म्हणून जो तो मासे धरायच्या लांब काठीला झेंडा बांधून गाडीवर उभारतो. माटुशेकांचा झेंडा हेलननं शिवलेला: काळं कापड, त्यावर नारिंगी फावडं, स्टोकर्सचं, भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांचं. साऱ्या घरानं वर्षानुवर्षं गर्दीतून बाहेर पडून आधी मान वर करून ते फावडं शोधलेलं.

बर्नाडेटचा आवाज मऊ झाला. दवाखान्यात गोंधळलेल्या माणसांशी बोलताना व्हायचा तसा. "पपा, झेंडा कसा नसेल? होता. डेल दिवसभर तिथंच होता. हो ना, डेल?"

*

डेल कधीच स्टेडियमच्या आत जात नसे. लग्न झालं त्या साली एकदाच गेला होता. त्या दिवशी स्टोकर्सचा असा काही धुव्वा उडाला की, सासरे घरी येताना गमतीनं म्हणाले, "पिट्सबर्गचा पाय पडला आत!" पुढच्या रविवारी त्याला म्हटलं, तू आपला शेगडीपाशी थांब. तो थांबला, आणि संघ जिंकला. झालं. अठ्ठावीस हिवाळे तो शेगडीपाशी थांबला होता. सॉसेज परतायचं, रेडिओ ऐकायचा, आतून आलेल्या आरोळीवरून काय झालं ते रेडिओच्या आधी ओळखायचं. मला इथंच आवडतं, असं तो सगळ्यांना सांगे. इतकी वर्षं सांगितल्यावर ते खरं आहे की नाही, हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी तिसऱ्यांदा आपला चेंडू समोरच्यांच्या हातात गेला, तेव्हा त्यानं चिमटा बर्फात फेकला. मग त्याला आठवलं. मागच्या सामन्यात वाऱ्यानं काठी खाली आली होती, आणि ती खाली आली त्याच मिनिटाला आपण टचडाउन केला होता, एका फटक्यात सहा गुण. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या गाडीवाले आपल्या नादात होते. त्यानं झेंडा उतरवला, गुंडाळला आणि व्हॅनमध्ये ठेवला.

आणि स्टोकर्सनी टचडाउन केला. थोड्या वेळानं आणखी एक. तेव्हा त्या काठीला हात कोण लावणार? जगातला कुठला चाहता लावेल?

समोरच्यांनी शेवटच्या क्षणी किक मारून गुण घेतले, आणि स्टोकर्स हरले. डेल शिव्या देत निखारे विझवू लागला, भांडी भरू लागला. लोकांचा लोंढा बाहेर पडला, बर्फ दाट झाला, आणि झेंडा व्हॅनमध्येच राहिला. बर्नाडेट धावत आली, तेव्हा तो म्हणाला होता, "मी इथंच होतो गं, हललोसुद्धा नाही." ते खरं होतं. म्हणूनच इतके महिने ते इतकं जड झालं होतं.

"डेल?" बर्नाडेटनं पुन्हा विचारलं.

"नव्हता," डेल म्हणाला.

"काय नव्हता?"

"झेंडा. मी काढला होता. नशीब पालटावं म्हणून."

टेसानं फोन पालथा ठेवला.

"म्हणजे ते दोन टचडाउन..." रे सावकाश म्हणाला.

"हो."

"मग तू परत कशाला लावलास?"

"नाही लावला ना! तोच तर घोळ झाला."

"नाही लावलास, तरी शेवटी हरलो?"

"रे!" बर्नाडेट ओरडली. ती उभी राहिली होती. "मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांना वार विचारले, महिने विचारले, घड्याळ काढायला लावलं. तू गाडी चालवत होतास, डेल. बाहेर बसून मासिक वाचत होतास. माझ्याबरोबर रोज रात्री तेच बोलत होतास, पपांचं काय करायचं, पपांचं काय करायचं!"

"मला वाटलं, झेंडा असता तरी..." डेल म्हणाला. "म्हणजे, राऊस-बिऊस मीही ऐकत होतो ना. मला कळेना की त्यातलं माझं किती आणि त्यांचं किती."

ही त्याची सबब होती की खरं तेच होतं, हे टेबलावर कुणालाच सांगता आलं नसतं.

*

पपांना त्यांचं ओरडणं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं.

त्यांना तो दिवस व्यवस्थित आठवत होता. गुरुवार-शुक्रवार विसरत असतील, तो दिवस नाही. सामना संपल्यावर ते बसूनच राहिले होते, कारण खेळाडू आत जाईपर्यंत हेलन उठत नसे. मग सावकाश जिना उतरले. बाहेर येऊन मान वर केली. निळे झेंडे, कवटीवाले झेंडे, कुणाचा तरी डुकराचं तोंड काढलेला झेंडा. फावडं नाही. ते नेहमीच्या जागेकडे चालत गेले. तिथं एक व्हॅन होती, तांबडीच होती, पण बर्फाच्या भुरभुरीत सगळ्याच व्हॅन तांबड्या आणि सगळ्याच पांढऱ्या दिसत होत्या. तिच्यावर झेंडा नव्हता. म्हणजे ती आपली नव्हती.

मग त्यांना अंडं आठवलं. कुणाकुणाबरोबर खाल्लं, एकेक तोंड आठवलं. कुणी राहिलं नाही. सगळे आठवले. तरी घर सापडेना.

"मला वाटलं, तुम्ही गेलात," ते म्हणाले.

बर्नाडेट त्यांच्याकडे वळली.

"कुठे गेलो?" बर्नाडेटनं विचारलं.

"घरी. मी आत फार वेळ बसलो होतो. थंडी होती. तुम्हाला सकाळी कामं असतात."

"तुम्हाला ठेवून? आम्ही तुम्हाला तिथं ठेवून घरी जाऊ?"

पपांना तो तंबू आठवला. ते तंबूवाले चांगले लोक होते. त्यांनी विचारलं होतं, आजोबा, तुमची माणसं कुठायत? माझी माणसं मला ठेवून गेली, असं परक्यांना कसं सांगायचं? वाट चुकली, असं म्हणता येतं. वाट कुणाचीही चुकते.

"आणि इतके दिवस तुम्ही हे मनात धरून बसलात," बर्नाडेट म्हणाली. ती खाली बसली, ती डेलच्या नाही, रेच्या शेजारी. "आज माझ्या हातावर फोड ठेवलीत तेव्हाही."

"फोड ठेवायचीच असते," पपा म्हणाले. मग काही तरी आठवल्यासारखे टेसाकडे वळले. "पण राऊसचं म्हणत होतो मी..."

टेसानं बापाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. कुणीच बूट लावला नाही.

"डेडो, बिली राऊस केव्हाच निवृत्त झाला. म्हातारा झाला तो आता."

"ते माहीत आहे मला," पपा म्हणाले. थोड्या वेळानं ते डेलकडे झुकले आणि हळूच विचारलं, "कधी?"

*

"आता मला कुणी तरी सांगा," बर्नाडेट म्हणाली. ती कुणा एकाशी बोलत नव्हती. "ते हरवले नव्हते, हे खरं. आणि ते राऊसला गुरुवारी उचलायला निघालेत, हेही खरं. डॉक्टर म्हणतात सुरुवात असेलही, नसेलही. यातलं मी काय धरू आणि काय सोडू?"

प्रिडी, हॅलॉक, ओबर्स्ट यांच्याबद्दल एवढ्या तावातावानं बोलणारी माणसं आता टेबलक्लॉथवरचे पावाचे कण गोळा करत बसली.

"स्टेडियमात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे," पपा म्हणाले.

रेनं मान वर केली. "मी येईन, पपा. दर सामन्याला येईन."

"बर्फ पडेपर्यंत येशील."

रेनं मान पुन्हा खाली घातली.

"आणि ही," पपांनी टेसाकडे हनुवटी केली, "हरायला टपून बसलीय. ही नको. डेल येईल."

"मी?" डेलनं खरोखरच मागे वळून पाहिलं. "मिस्टर माटुशेक, मी आत कसा येऊ? पिट्सबर्गचा पाय..."

"अठ्ठावीस वर्षं पाय बाहेर आहे तुझा. किती जिंकलो?"

टेसाचा हात फोनकडे गेला. "सांगू? आपण एकूण..."

"सांगू नकोस!" तिघे पुरुष एकदम म्हणाले.

"पण मी आत आलो आणि हरलो तर?" डेल म्हणाला. थट्टा नव्हती ती. खाली ठेवलेल्या सुरीवर त्याचा हात तसाच राहिला होता.

"तर निदान बाहेर पडताना दोघं असू," पपा म्हणाले.

डेलनं मान डोलावली, मग उगाच पुन्हा डोलावली. रे खुर्चीत मागे रेलला. ती जागा आपली आहे, असं तो लहानपणापासून धरून चालला होता. ती गेली, आणि गेल्यावर आपल्याला वाईट वाटतंय की सुटल्यासारखं वाटतंय, हे त्याला उमगेना. "बघा," तो म्हणाला, "शेवटी बाहेरचाच माणूस आणला. गुडघा गेलेला, तोही म्हातारा."

"डोकं शाबूत आहे का, ते विचार," बर्नाडेट म्हणाली. अजून ती नवऱ्याकडे पाहत नव्हती.

मग तिच्या काही तरी लक्षात आलं. "हा आत बसला, तर बाहेर झेंड्यापाशी कोण?"

या प्रश्नावर मात्र सगळ्यांनी तिच्याचकडे पाहिलं.

"मला थंडी सोसत नाही," ती म्हणाली. "मला त्या खेळातलं काही कळत नाही. मला सॉसेजचा वासही नकोसा होतो."

पपांनी उरलेला पास्का तिच्या ताटात ठेवला.

ऊन कलायच्या आत डेलनं व्हॅनमधून काठी आणि गुंडाळलेला झेंडा मागच्या अंगणात आणला. बर्नाडेट कोट घालून बाहेर आली. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण न बोलता ते शिकता येत नव्हतं. काठीचे तुकडे एकात एक कसे बसवायचे, पायथ्याची कळ कशी आवळायची, दोरी कुठून ओवायची, ते त्यानं दाखवलं. झेंड्याची घडी तिनंच उलगडली. आईच्या टाक्यांतला एक उसवला होता. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. मग फावडं वर गेलं. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "आज कसला सामना गं?"

"कसलाच नाही!" बर्नाडेट ओरडून म्हणाली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत पपा उभे होते. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"एकच लक्षात ठेव," डेल म्हणाला. "वारा सुटो, बर्फ पडो, आपण हरत असू, काहीही होवो. काढायचा नाही."

"आणि जिंकत असलो तर?"

डेलनं जरा विचार केला. तो अनुभव घरात कुणालाच फारसा नव्हता.

"तेव्हाही नको," तो म्हणाला.